वाचकांचे प्रश्न : वळवाचा पाऊस आणि घरचे हवामान केंद्र

एप्रिल-मे महिन्यांतील पावसाच्या मोजणीविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रलेखकांकडे बाजारात मिळणारे बिनतारी हवामान केंद्र आहे, म्हणजे बाहेर तापमान, वारा आणि पाऊस मोजणारा संच व घरात आकडे दाखवणारा पडदा. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून, पत्रलेखकांची नावे न देता फक्त गाव दिले आहे.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत हवामान केंद्र बसवले आहे. मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव जोरात झाला, तेव्हा केंद्राने १८.६ मिलिमीटर पाऊस दाखवला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात आमच्या तालुक्यापुढे शून्य छापले होते आणि तिसऱ्या दिवशी तिथेच ४१ मिलिमीटर आले. आमचे यंत्र चुकते आहे का? (तासगाव, जि. सांगली)

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून यंत्र चुकते आहे असे म्हणता येत नाही. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आधी शून्याचा उलगडा करू. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो. काल सकाळी ८.३० पासून आज सकाळी ८.३० पर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला मांडला जातो. त्यामुळे १४ मेच्या संध्याकाळी झालेला वळीव सरकारी वहीत १५ मेचा ठरतो. १५ तारखेच्या सकाळी घरी येणारे वृत्तपत्र आदल्या रात्री छापलेले असते आणि त्यात १४ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतची नोंद असते. ती शून्य असणारच. आपल्याकडील त्या वळवाच्या संध्याकाळचा पाऊस १६ तारखेच्या अंकात उगवतो. घरचे केंद्र मात्र रात्री बारा वाजता दिवसाचा आकडा पुसून पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. वळीव बहुधा दुपारनंतर आणि संध्याकाळी पडत असल्यामुळे, पावसाळ्यातल्या संततधारेपेक्षा उन्हाळ्यात हा तारखांचा घोळ अधिक ठळकपणे जाणवतो. काही केंद्रांत दिवस सुरू होण्याची वेळ बदलण्याची सोय असते. ती नसेल, तर रोज सकाळी साडेआठला एकूण साठलेला आकडा वहीत लिहून त्यातून आदल्या दिवशीचा आकडा वजा करावा. हवामान विभागाच्या नोंदीशी तुलना करायची असेल, तर दुसरा मार्ग नाही.

आता ४१ आणि १८.६ यांच्यातील अंतराकडे वळू. उन्हाळ्यात दुपारच्या तापाने उभा राहिलेला एकेकटा ढग काही किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात पाऊस पाडतो आणि पुढे सरकतो. गावाच्या एका शिवारात पाणी वाहते आणि दुसऱ्या शिवारात फुफाटा उडतो, हा अनुभव कोणत्याही शेतकऱ्याला नवा नाही. पावसाळ्यातही असे घडते. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर त्याच शहरातल्या कुलाब्याला तो ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. कुलाब्याचे पर्जन्यमापक बिघडले होते, असे कोणी म्हटले नाही.

शिवाय तालुक्याचा म्हणून जो आकडा छापला जातो, तो सामान्यतः तालुक्यातील महसूल मंडळांच्या नोंदींची सरासरी असतो. राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारलेली आहेत. आपल्या आकड्याची तुलना करायचीच असेल, तर सर्वांत जवळच्या मंडळाच्या नोंदीशी करावी आणि तीही एका वळवाची नव्हे, संपूर्ण हंगामाची. एका वळवात आपण निम्म्यावर असाल आणि पुढच्या वळवात दुपटीवर. पण जून ते सप्टेंबरच्या बेरजेत दरवर्षी आपलाच आकडा वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी भरू लागला, तर मग यंत्राकडे आणि त्याच्या जागेकडे संशयाने पाहावे.

प्रश्न : सदनिकेत राहत असल्याने केंद्र गच्चीवरच बसवणे शक्य आहे. विक्रेत्याने कठड्याच्या कोपऱ्याला उंच पाइप लावून त्यावर बसवण्याचा सल्ला दिला. तो योग्य आहे का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : वारा मोजण्यासाठी तो सल्ला योग्य आहे, पाऊस मोजण्यासाठी मात्र तो जवळजवळ सर्वांत वाईट आहे.

उंचीवर ठेवलेल्या मापकात कमी पाऊस जमतो, हे जुने निरीक्षण आहे. लंडनमधील वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६९ साली प्रसिद्ध केलेल्या नोंदींत, एकाच वर्षात वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माथ्यावर ठेवलेल्या मापकात सुमारे १२ इंच, जवळच्या घराच्या छपरावर सुमारे १८ इंच आणि खाली जमिनीलगत साडेबावीस इंचांहून थोडा अधिक पाऊस मिळाला होता. तीन मापके हाकेच्या अंतरावर असताना एवढा फरक का पडावा, याचा पुष्कळ काळ उलगडा होत नव्हता आणि थेंब खाली येता येता मोठे होत असावेत, अशीही एक समजूत होती. १८६१ साली इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी त्याचे कारण वाऱ्यात असल्याचे दाखवून दिले. वारा मापकावर आदळला की त्याच्या तोंडावरून वर उचलला जातो आणि वेग वाढून पुढे जातो. लहान थेंब त्याच्याबरोबर तोंडावरून पलीकडे निघून जातात. जमिनीपासून जितके वर जावे तितका वारा अधिक आणि तितकी ही गळतीही अधिक. नीट बसवलेल्या साध्या मापकातही वाऱ्यामुळे दोन ते दहा टक्के पाऊस निसटतो, असे धरले जाते. वळवाच्या आधी वाऱ्याची जी झोड उठते तिच्यात गच्चीच्या कोपऱ्यावर काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकता, कारण इमारतीच्या कडेवरच वारा सर्वाधिक वेगाने उसळतो.

हवामान विभागाच्या वेधशाळेत साध्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर असते आणि कोणताही अडथळा मापकाच्या तोंडाहून जितका उंच असेल त्याच्या किमान दुप्पट अंतरावर असावा लागतो. हाच नियम गच्चीला लावावा. समजा, कठडा एक मीटर उंच आहे आणि मापकाचे तोंड फरशीपासून अर्धा मीटर वर आहे. कठडा तोंडाहून अर्धा मीटर उंच, म्हणून किमान अंतर एक मीटर. दोन मीटर ठेवता आले तर उत्तम. खरी अडचण पाण्याच्या टाकीची आणि जिन्यावरील खोलीची असते. त्यांचा माथा मापकाहून अडीच मीटर उंच असेल, तर त्यांच्यापासून पाच मीटर दूर जावे लागते आणि अनेक गच्च्यांवर तेवढी जागाच नसते. अशा वेळी निदान मे महिन्यात आपल्याकडे वळीव ज्या दिशेने चाल करून येतो त्या बाजूला टाकी येणार नाही, एवढे पाहावे. कठड्याचा आडोसा थोडाफार उपकारकच असतो, कारण त्याच्या आत वारा मंदावतो. म्हणून मध्यभागी, सखल आणि घट्ट बसवलेला मापक हा गच्चीवरचा त्यातल्या त्यात बरा उपाय.

वारा आणि पाऊस एकाच खांबावर मोजणारे जोडसंच विकत घेण्यास सोपे असले, तरी त्यांतील ही विसंगती कायम राहते. वाऱ्याच्या प्रमाणभूत मोजणीसाठी दहा मीटर उंची हवी असते आणि पावसासाठी जमिनीची जवळीक. पावसाचा भाग वेगळा काढून ठेवता येईल असा संच मिळत असेल, तर थोडे अधिक पैसे देऊन तोच घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : यंत्राचा आकडा बरोबर आहे की नाही, हे घरी तपासण्याची काही पद्धत आहे का? (बार्शी, जि. सोलापूर)

उत्तर : आहे, आणि तिला एक सुट्टीची सकाळ पुरते.

बहुतेक घरगुती केंद्रांत नरसाळ्याखाली दोन कप्प्यांचे एक छोटे पात्र असते, त्याला टिपिंग बकेट म्हणतात. ते लहान मुलांच्या सी-सॉसारखे मधल्या दांडीवर तोललेले असते. एक कप्पा ठरावीक पाण्याने भरला की पात्र कलंडते, पाणी खाली सांडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक चुंबक छोट्या चुंबकीय स्विचसमोरून जातो आणि एक नोंद होते. एक नोंद म्हणजे किती पाऊस, हे बनावटीनुसार ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर असते. इंचांच्या हिशेबाने बनवलेल्या यंत्रांत ते एक शतांश इंच, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर असते. काही वाचकांनी आपले आकडे नेहमी ०.३, ०.५, ०.८ अशाच पायऱ्यांनी का वाढतात असे विचारले आहे, त्याचे उत्तर हेच. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ही पायरी दिलेली असते.

तपासणीसाठी प्रथम नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास मोजावा. तो १६ सेंटिमीटर भरला असे धरू. तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर झाले. या तोंडावर ५०० मिलिलीटर पाणी म्हणजे २४.९ मिलिमीटर पाऊस, आणि पायरी ०.२ मिलिमीटरची असल्यास पात्र साधारण १२४ वेळा कलंडले पाहिजे. काही स्वस्त संचांत तोंड आयताकृती आणि बरेच लहान असते, तिथे लांबी-रुंदीचा गुणाकार करावा.

पाणी ओतण्यात घाई करू नये. अर्धा लिटर पाणी एकदम ओतले, तर पात्र कलंडत असतानाही धार चालूच राहते आणि ते पाणी कोणत्याच कप्प्यात मोजले जात नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी सलाईनची नळी या कामासाठी फार सोयीची आहे, कारण तिच्या चाकाने धार हवी तशी आवळता येते. अर्धा लिटर पाणी पाऊण ते एक तासात उतरेल, असा वेग ठेवावा. पाणी मोजण्यासाठी स्वयंपाकघरातील कप घेऊ नये. प्रयोगशाळेचे मोजपात्र किंवा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्यावा, कारण ५०० ग्रॅम पाणी म्हणजे व्यवहारात ५०० मिलिलीटरच. त्याआधी एकदा थोडे पाणी सोडून नरसाळे आतून ओले करून घ्यावे आणि यंत्र पाणसळ लावून सपाट आहे की नाही, हे पाहावे. बैठक कलती असेल, तर एक कप्पा लवकर कलंडतो आणि दुसरा उशिरा, आणि मग कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

आकडा दोन-तीन टक्क्यांच्या आत आला, तर काहीच करू नये. फरक त्याहून अधिक असेल आणि तीनदा केलेल्या चाचणीत तो एकाच बाजूला येत असेल, तर कप्प्यांच्या खाली असलेले स्क्रू दोन्ही बाजूंना सारखेच फिरवून पाहावे, किंवा पडद्यावरील यंत्रणेत गुणक देण्याची सोय असल्यास तो द्यावा. चाचणी करताना पडलेले २४.९ मिलिमीटर त्या दिवसाच्या नोंदीतून वगळण्यास विसरू नये. अशा रीतीने भर उन्हाळ्यात, निरभ्र आकाशाखाली झालेले मोठे पाऊस लोकांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींत अधूनमधून आढळतात.

हलता भाग नसलेली, थेंबाचा आघात ओळखून पाऊस ठरवणारी नवी यंत्रे या पद्धतीने तपासता येत नाहीत. त्यांना साध्या मापकाच्या शेजारी काही पावसांपुरते ठेवून पाहणे, एवढाच मार्ग उरतो. बारीक भुरभूर त्यांना नीट कळत नाही आणि गारांनी ती गोंधळतात, हे त्यांच्याकडून वळीव मोजून घेताना ध्यानात असावे.

प्रश्न : अंगणात पाणी साचले, तरी केंद्राने पाऊस शून्य दाखवला. उलट कोरड्या वावटळीच्या दिवशी १.२ मिलिमीटर पाऊस दाखवला. असे का व्हावे? (सिन्नर, जि. नाशिक)

उत्तर : पावसाळ्यानंतर मापक सहा-सात महिने कोरडे पडून असते आणि त्या काळात त्यात बरेच काही नांदते. नरसाळ्याच्या भोकावर धूळ, मोहोर आणि पक्ष्यांची विष्ठा यांचा थर बसतो. आत कोळी जाळे विणतो. कुंभारमाशीला तर पात्राखालची अंधारी जागा मातीचे घर बांधण्यासाठी विशेष आवडते आणि तिने एका बाजूला मातीचा गोळा थापला की पात्र कलंडूच शकत नाही. पहिल्या वळवाचे पाणी मग नरसाळ्यात तुंबून राहते आणि दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ असताना थेंबाथेंबाने उतरते. पावसानंतर चार-पाच तासांनी ०.२, ०.२ अशा नोंदी येत राहिल्या, तर भोक तुंबले आहे असे समजावे. मार्चच्या सुरुवातीला, आणि पुढे महिन्यातून एकदा, वरचे नरसाळे काढून ओल्या कापडाने आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने सफाई करावी. पात्राला तेल मात्र लावू नये, त्याला धूळ चिकटते.

कोरड्या दिवशीचा पाऊस बहुतेक वेळा खांब हलल्याने येतो. वावटळीत खांब हादरला की पात्र मागेपुढे होते. कावळा येऊन बसला तरी तेच घडते. खांबाला तिरपे आधार द्यावेत आणि शक्य असल्यास मापकाच्या काठावर पक्ष्यांना बसता येणार नाही अशी काट्यांची कडी लावावी.

उन्हाळ्यातील आणखी एक गळती डोळ्यांना दिसत नाही. बारीक सर आली आणि कप्पा अर्धा भरून राहिला, तर चाळीस अंशांच्या उन्हात ते पाणी दुसऱ्या दुपारपर्यंत उडून जाते आणि त्याची नोंद कधीच होत नाही. जुलैमध्ये हाच अर्धा कप्पा पुढच्या सरीत मोजला जातो. गारांचेही तसेच, काही तोंडावरून उसळून बाहेर जातात आणि उरलेल्या वितळून उशिरा मोजल्या जातात. गारपिटीच्या दिवशी आकड्यापुढे वहीत ‘गारा’ असे लिहून ठेवावे.

प्रश्न : पडद्यावर पावसाचा वेग ताशी १२० मिलिमीटर दाखवला गेला. ही ढगफुटी म्हणायची का? (खेड, जि. रत्नागिरी)

उत्तर : नाही. केंद्र दोन कलंडण्यांमधील वेळावरून तो वेग काढते. सहा सेकंदांत ०.२ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच गतीने तासभर पडल्यास १२० मिलिमीटर होईल, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. चांगल्या वळवात असा जोर दोन-चार मिनिटे सहज टिकतो आणि एकूण पाऊस १५ मिलिमीटरही भरत नाही. एखाद्या वीस-तीस चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस प्रत्यक्ष पडला, तरच हवामान विभाग ढगफुटी हा शब्द वापरतो. मात्र एवढ्या जोराच्या सरीत टिपिंग बकेट प्रत्यक्षापेक्षा कमीच मोजते, हेही खरे.

प्रश्न : २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच पोहोचला. मग मेअखेरचा पाऊस वहीत उन्हाळ्यात धरावा की पावसाळ्यात? (डोंबिवली)

उत्तर : उन्हाळ्यात. हवामान विभागाचे हंगाम तारखांनी बांधलेले आहेत : मार्च ते मे हा मान्सूनपूर्व आणि जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून असताना तो त्या वर्षी पंधरवड्याहून अधिक आधी आला, तरीही ३१ मेपर्यंतचा पाऊस मान्सूनपूर्व बेरजेतच गेला. शेतकरी रोहिणीचा पाऊस आणि मृगाचा पाऊस असा वेगळा हिशेब ठेवतात. तोही उपयुक्त आहे, पण त्यासाठी वहीत निराळा रकाना करावा.

प्रश्न : खरड छाटणीनंतर (द्राक्षवेलींच्या उन्हाळी छाटणीनंतर) बागेत १२ मिलिमीटर वळीव झाला, तर ठिबकचे पाणी किती दिवस बंद ठेवावे? आणि घरच्या केंद्राची नोंद पंचनाम्यासाठी चालते का? (पलूस, जि. सांगली)

उत्तर : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर आणि एका एकरावर सुमारे ४,०४७ लिटर पाणी. बारा मिलिमीटरचे एकरी सुमारे ४८,६०० लिटर होतात. आकडा मोठा वाटला, तरी तो सबंध एकरावर पसरलेला आहे आणि ठिबकचे पाणी फक्त मुळांशी पडते. शिवाय मे महिन्यात आपल्या भागात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला दहा मिलिमीटरच्या घरात जाते, तापलेली माती पहिले पाणी वरच्यावरच पिते आणि जोराच्या सरीतले पाणी ओघळीने निघून जाते. तीन-चार मिलिमीटरपर्यंतची सर सिंचनाच्या हिशेबात धरूच नये आणि बारा मिलिमीटरसाठी फार तर एक-दोन दिवसांची पाळी चुकवावी, असे मी सुचवेन. त्याआधी वेलीच्या बुडाशी वीतभर उकरून ओल कुठवर गेली आहे, ते हाताने पाहावे.

शासकीय कामासाठी घरची नोंद ग्राह्य धरली जात नाही. महसूल मंडळाच्या केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी समजली जाते आणि तिथे त्या केंद्राचाच आकडा चालतो. तरीही मंडळाचे केंद्र दूर असेल आणि आपल्या शिवारात वेगळाच पाऊस झाला असेल, तर तारीख-वेळेसह ठेवलेली नोंद तलाठ्याकडे अर्ज देताना सोबत जोडण्यास हरकत नाही. त्या नोंदीला वजन यावे असे वाटत असेल, तर विजेवर न चालणारे साधे पर्जन्यमापक शेजारी ठेवून रोज सकाळी साडेआठला तेही वाचावे. वहीत पाऊस न पडलेल्या दिवशी ‘०.०’ लिहावे, थेंब पडले पण मोजता आले नाहीत तर ‘नाममात्र’ लिहावे, आणि आपण गावाला गेलो असू किंवा यंत्र बंद असेल, त्या दिवशी ‘नोंद नाही’ असे लिहावे. रकाना कोरा सोडू नये.